समास

कराडच्या कचेरीसमोर पत्र्याच्या शेडमध्ये माझं टेबल.
एक पाय आखूड, त्याखाली विटेचा तुकडा.
सकाळी मोडी वाचते, दुपारी करारनामे लिहिते.
दोन्हींचे दर मागच्या पत्र्यावर लावलेत.
मोडीचा जास्त.
मेलेल्यांचं अक्षर महाग पडतं.

आज विंगचे एक गृहस्थ आले,
साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत आजोळचं दफ्तर घेऊन.
जमिनीचं काही निघतंय का बघा, म्हणाले.
जमिनीचं नाही निघालं.
निघाली एक पोरगी.

“कुणबीण मैनी, उमर अदमासे वर्षे बारा,
रंग सावळा, डावे भिवईवर वण,
किंमत रुपये पस्तीस, पैकी रोख वीस,
बाकी सुगीस.”

म्हणजे उधारीवर गेली.

मोडी लिहिताना आधी रेघ ओढतात, काठापासून काठापर्यंत,
मग अक्षरं तिला टांगत जातात
हात न उचलता.
मैनीपासून रुपयांपर्यंत बोरू कुठं अडला असता
तर शाईचा ठिपका पडला असता.
भिंग लावून पाहिलं.
ठिपका नाही.

आमच्याकडं असलं काही नव्हतं हो,
गृहस्थ म्हणाले. घडी घातली जुन्याच घडीवर.
पैसे मात्र पुरते दिले.

दुपारी मुकादम.
कारखान्याचा पट्टा पडलाय, ट्रॅक्टर रस्त्यात उभा:
पेट्या, हंडे, दोन शेरडं, चिपाडासारखी निजलेली पोरं.
सहा महिने तोडून
बाकी त्यांच्याच अंगावर निघाली.
अंगावर.
दागिना असतो तशी, की खरूज असते तशी,
हे मराठीनं अजून ठरवलेलं नाही.
म्हणून पुढच्या हंगामाचा कागद आत्ताच,
पाचशेचा स्टॅम्प, तोही त्यांच्याच खाती.

“लिहा मॅडम. एक कोयता. उचल ऐंशी हजार.”

एक कोयता म्हणजे नवरा अधिक बायको.
शाळेत मध्यमपदलोपी समास होता,
त्यात मधलं पद तेवढं जायचं.
इथं माणसांची दोन्ही पदं जातात,
हत्यार उरतं.

अंकुश सानपनं अंगठा पुढं केला, शाई लावून घेतली.
ती मात्र वाकून वाचत होती,
ओळीखाली बोट सरकवत,
बोटाला पाचटानं पडलेल्या चिरा,
स्टॅम्पवर तिच्या बोटाची एक मळकी रेघ उठत चाललेली.

“ह्याच्यात माझं नाव कुठंय?”

मुकादम हसला. कोयत्यात आलीस की.

“सातवी झालीय माझी. द्वारका नाव हाय. लिहा.”

पेन हवेत राहिला.
सकाळच्या कागदावर नाव होतं, म्हणून ती विकली गेली.
दुपारच्या कागदावर नाव नाही, म्हणून ही मोजलीच जात नाही.
लिहावं तर मीच बांधणार, न लिहावं तर मीच पुसणार,
आणि माझे दोनशे टेबलावर आलेलेच होते,
वाऱ्यानं उडू नयेत म्हणून शिक्का ठेवलेला त्यांच्यावर.

लिहिलं.
द्वा. र. का.
दर अक्षराला हात उचलून, सुटं सुटं.
तिनं खाली सही केली, काना जरा लांबच ओढला.
मग शेरडाची दोरी कुणीतरी सोडली म्हणून
ओरडत ट्रॅक्टरकडे पळाली.

एक सांगायचं राहिलं.
मैनीच्या कागदाच्या समासात
आडवा, वेगळ्या हाताचा, पातळ शाईचा शेरा होता:
“सदरहू परागंदा जाहली.
तलास करितां ठिकाण लागलें नाही.”
तो मी गृहस्थांना वाचून दाखवला नाही.
त्याचे पैसेही लावले नाहीत.

आणि द्वारकाच्या कागदाला डावीकडे
नेहमीपेक्षा दोन बोटं जास्त
कोरी जागा सोडली.
मुकादमाला वाटलं,
मॅडमना आता नीट दिसत नाही.